कळवा ते दिल्ली, दिल्ली ते युगांडा : मिशन इंटर्नशिपचा पूर्ण हिशेब

तुम्ही कळव्यात राहता, सिव्हिलचं शेवटचं वर्ष संपत आलंय किंवा आर्किटेक्चरची पदवी नुकतीच हातात पडलीय. मंडळीत कुणीतरी सांगितलं की ख्रिस्ती अभियंत्यांची एक संस्था आहे, ती गरीब देशांत दवाखाने, शाळा, पाण्याच्या योजना यांचे आराखडे करून देते आणि तरुणांना इंटर्न म्हणून घेते. तुमचं मन तयार झालं. आता घरचे विचारणार : खर्च किती, कागद कोणते, पैसे कुठून येणार, परत कधी येणार? या चार प्रश्नांची उत्तरं अर्ज भरण्याआधी तुमच्या वहीत असायला हवीत.

संस्था कोणती, काम काय

या क्षेत्रातलं ठळक नाव म्हणजे इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल. १९८२ साली अमेरिकेत सुरू झाली, मुख्यालय कोलोराडो स्प्रिंग्ज इथे. युगांडासह अनेक देशांत कार्यालयं आहेत. भारतातलं काम दिल्लीतून चालतं. आर्किटेक्ट, सिव्हिल, स्ट्रक्चरल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि सर्व्हेअर अशा सगळ्यांना तिथे काम असतं.

साधारण क्रम असा : एक सत्र सुमारे चार महिन्यांचं. सुरुवातीला कार्यालयात तयारी, मग एक ते दोन आठवड्यांचा प्रकल्प दौरा, नंतर परत कार्यालयात बसून आराखडे आणि अहवाल पूर्ण करणं. दौऱ्यात जागेची मोजणी, पाण्याची आणि मातीची तपासणी, स्थानिक लोकांशी बोलणी. विटा रचण्याचं काम फारसं नसतं.

पगार मिळत नाही. प्रवास, राहणं, जेवण, व्हिसा, विमा हा खर्च इंटर्नने स्वतः किंवा देणगीतून उभा करायचा, ही पद्धत आहे. मंडळीत हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, म्हणून घरी पहिल्याच दिवशी सांगा.

पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या

ई-मेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा.

एक : एकूण रक्कम किती आणि त्यात काय काय येतं? राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, दौऱ्यातली गाडी, विमा, व्हिसा, प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा. दोन : देणगीतून संस्था व्यवस्थापनासाठी किती टक्के कापते? काही मिशन संस्था कापतात, काही नाही. कापत असतील तर तेवढी रक्कम जास्त उभारावी लागेल. तीन : दौरा रद्द झाला, किंवा तुम्ही आजारी पडून मागे राहिलात, तर जमा रकमेचं काय? देणगी सहसा परत मिळत नाही. चार : दौऱ्यावर कोणत्या प्रकारच्या व्हिसावर जायचं? पाच : तुमचं काम कोणत्या परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली होणार?

कॉलेजात शिकत असाल तर आणखी एक : ही इंटर्नशिप श्रेयांकासाठी धरली जाईल का, हे विभागप्रमुखांकडून आधी लिहून घ्या. चार महिने देऊन परत आल्यावर 'ही आमच्या यादीत नाही' हे ऐकायची वेळ यायला नको.

अर्जाचे कागद

बायोडेटा, गुणपत्रिका, केलेल्या ड्रॉइंगचे नमुने, पाळकांचं किंवा फादरांचं शिफारसपत्र, प्राध्यापकांचं शिफारसपत्र आणि तुमची साक्ष, म्हणजे विश्वासाबद्दल स्वतःच्या शब्दांत एक-दोन पानं. पाळकांना पत्रासाठी किमान दोन आठवडे द्या. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र. ऑटोकॅड किंवा रेव्हिट येत असेल तर तसं स्पष्ट लिहा. निवडीत त्याचा खरा उपयोग होतो.

प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचं सरकारी प्रमाणीकरण, करून ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर थांबा. समोरच्या देशाने किंवा संस्थेने मागितलं तरच करा. सरकारी फी थोडी असते, दलालाची बरीच.

पासपोर्ट : कळवा सोडण्याआधी

हा सगळ्यात आधी. दिल्लीला गेल्यावर अर्ज केलात आणि पत्ता कळव्याचा दिलात, तर पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही घरी सापडणार नाही आणि प्रतिकूल अहवाल जाईल. अर्ज, अपॉइंटमेंट, पडताळणी, तिन्ही इथे असतानाच संपवा.

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर : पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. तुम्हाला ३६ पानी पुरतो. भरलेली फी परत मिळत नाही आणि एका अर्जावर वर्षभरात तीनदाच अपॉइंटमेंट घेता येते, त्यामुळे परीक्षेची तारीख बघून दिवस निवडा.

पासपोर्ट सेवा केंद्र ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. कळव्याहून ठाणं एक स्टेशन, तिकीट ५ रुपये. कळव्याला फक्त स्लो गाड्या थांबतात, सकाळच्या गर्दीत एखादी सुटली तर हातात वेळ असू द्या. ठाणे पश्चिमेला उतरून टीएमटीची बस किंवा रिक्षा. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये. मूळ कागद आणि एकेक झेरॉक्स घरूनच घेऊन निघा. केंद्राच्या आसपास झेरॉक्स आणि फॉर्म भरून देणारे जे दर सांगतात, ते कळव्यातल्या दुकानापेक्षा जास्त असतात.

कागद : आधार, जन्माचा पुरावा, दहावीचं प्रमाणपत्र. दहावीचं प्रमाणपत्र दाखवलं की काही देशांसाठी लागणारी इमिग्रेशन तपासणीची अट पासपोर्टवर येत नाही. कळव्यात एक अडचण वारंवार येते. इमारत पुनर्विकासात गेली, तुम्ही भाड्याने दुसरीकडे राहता, आधारवर मात्र जुन्या इमारतीचं नाव. पासपोर्टच्या अर्जात सध्या राहता तोच पत्ता लागतो. आधी आधार बदला किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडा, मगच अर्ज करा.

पडताळणी कळवा पोलीस ठाण्यातून होते. तिची फी नाही. कुणी 'चहापाणी' मागितलं तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. जुना पासपोर्ट असेल तर परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं आहेत का, ते बघा.

संस्था शाळा किंवा अनाथालयाच्या प्रकल्पावर पाठवणार असेल तर पोलीस क्लिअरन्स मागू शकते. तोही पासपोर्टच्याच संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. फार आधी काढू नका, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला लागतो.

दौरा नेपाळचा असेल तर

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवं. आधार चालतं असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. वयाने १५ च्या आतले आणि ६५ च्या पुढचे यांनाच इतर ओळखपत्रांची सवलत आहे. तुमच्या वयाच्या माणसाला काउंटरवरून परत पाठवतात.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. नेपाळमध्ये धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे आणि २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बॅगेत पत्रिका, वाटायची पुस्तकं ठेवू नका. तुम्ही अभियंता म्हणून जाताय, तेवढंच काम करा. तुमच्या एका चुकीची किंमत तिथल्या स्थानिक मंडळीला मोजावी लागते.

दौरा युगांडाचा असेल तर

मुंबई ते एंटेबी थेट विमान ऑक्टोबर २०२३ पासून आहे, आठवड्यातून मोजकेच दिवस. म्हणून तिकीट काढताना दौऱ्याच्या तारखा संस्थेकडून पक्क्या करून घ्या. दिल्लीहून निघणार असाल तर मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा धरा. दोन वेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान चुकलं, तर दुसरं तिकीट वाया जातं. मधे एक रात्र ठेवा.

व्हिसा ऑनलाइन. एकदा प्रवेशाच्या पर्यटक व्हिसाची फी ५० डॉलर. अर्ज युगांडा सरकारच्या इमिग्रेशन पोर्टलवर; पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट यूजी' असतं. एजंटांच्या साइट याच कामाचे दुप्पट घेतात. मात्र आधी संस्थेला विचारा की पर्यटक व्हिसा चालेल का. अनेक देशांत बिनपगारी कामही काम धरलं जातं. निमंत्रणपत्र मागा, त्यात व्हिसाचा प्रकार लिहून घ्या आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारलं तर तेच खरं उत्तर द्या. 'फिरायला आलोय म्हणा' असा सल्ला देणारा तुमच्याबरोबर त्या खोलीत बसणार नाही.

यलो फिव्हरची लस अनिवार्य. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत सहार विमानतळाची आरोग्य संघटना, बंदराची आरोग्य संघटना आणि परळचं केईएम ही ठिकाणं आहेत. सरकारी केंद्रावर फी ३०० रुपये. सहारसाठी कळव्याहून स्लो गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रोने एअरपोर्ट रोड किंवा मरोळ नाका. नाव आधी नोंदवा, कारण लसीची बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक दिवशी ठरावीक माणसांनाच बोलावतात. पासपोर्ट मूळ न्या. लसीच्या कार्डावर त्याचा क्रमांक लिहितात. अंड्याची ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

लस टोचून घेतल्यावर कार्ड दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि आयुष्यभर चालतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. त्यातून व्हिसाच्या अर्जालाही ते जोडावं लागतं. परत येताना भारतात उतरल्यावर कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए च्या लसी, मलेरिया टाळण्याच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. रक्तगट आणि साध्या तपासण्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या ओपीडीत थोडक्या पैशात होतात; खासगी लॅबचं 'परदेश पॅकेज' घ्यायची गरज नाही.

एकूण किती धरायचे

खालचे आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत. संस्थेचे आले की बदला.

दिल्लीत चार महिने आणि नेपाळ दौरा : कल्याणहून राजधानीचं थ्री एसी जाऊन-येऊन ६,०००. राहणं-जेवण महिना १७,५०० प्रमाणे ७०,०००. काठमांडूचं परतीचं विमान १८,०००. पासपोर्ट, क्लिअरन्स आणि विमा मिळून ४,०००. दौऱ्यातलं राहणं-जेवण-गाडी १५,०००. बेरीज १ लाख १३ हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास.

युगांडा असेल तर : रेल्वे आणि दिल्लीतलं राहणं तेच, ७६,०००. विमान ६०,०००. व्हिसा ४,५००. लस आणि औषधं ३,५००. पासपोर्ट, क्लिअरन्स, विमा ५,०००. दौऱ्यातला खर्च २५,०००. बेरीज १ लाख ७४ हजार, दहा टक्के धरून १ लाख ९१ हजार. दिल्लीत संस्थेने राहायची सोय केली तर दोन्ही आकडे बरेच खाली येतात, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा.

न दिसणारे खर्च वेगळे मोजा. परदेशात भारतीय क्रेडिट कार्ड वापरलं की बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेते, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. फॉरेक्स कार्ड घेताना काढण्याची, परत भरण्याची आणि उरलेले पैसे मोडण्याची फी, तिन्ही विचारा. डॉलर रोख न्यायचे तर कोऱ्या, नव्या मालिकेच्या नोटा मागा. जुन्या, घड्या पडलेल्या किंवा लिहिलेल्या नोटा युगांडात नाकारतात किंवा भाव कमी देतात. ट्रॅव्हल कंपनीकडून 'पॅकेज' घेतलंत तर परदेशी सहलीच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस हा आगाऊ कर घेतात. नुसतं विमानाचं तिकीट काढलंत तर नाही.

विम्यात दोन कलमं वाचा. आजारी पडल्यास दुसऱ्या शहरात किंवा घरी हलवण्याचा खर्च मिळतो का? आणि बांधकामाच्या जागेवर, उंचीवर किंवा अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा वगळली आहे का? ती वगळलेली असेल तर त्या विम्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

महागडी मोजणीची उपकरणं बरोबर नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घ्या, नाहीतर परतताना त्यावर शुल्क मागतील. टीममधल्या परदेशी सहकाऱ्याने उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र दिलं तर ते भारतात आणू नका. परवानगीशिवाय इथे ते बाळगणं गुन्हा आहे.

देणगी गोळा करताना

इथे चांगली मुलं अजाणता अडकतात. म्हणून हा भाग घरच्यांबरोबर बसून वाचा.

तुमच्या खात्यात मित्रांनी, मंडळीतल्या लोकांनी दिलेली रक्कम आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. आईवडील, सख्खी भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी यांच्याकडून आलेलं यात धरत नाहीत. चुलत, मामे, मावस भावंडं मात्र कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत. विद्यार्थी असाल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर कर बहुधा शून्य येईल; नोकरी करत असाल तर पगारात ही रक्कम मिळवली जाईल. शिवाय परदेश प्रवासावरचा खर्च वर्षात २ लाखांपुढे गेला तर उत्पन्न नसतानाही विवरणपत्र भरावं लागतं.

देणाऱ्याला ८०-जी ची करसवलत हवी असेल तर पैसे तुमच्या खात्यात देऊन ती मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेलाच द्यावे लागतात, २,००० रुपयांवर रोख चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. कुणालाही खोटी आशा दाखवू नका.

परदेशातून येणाऱ्या पैशांत सर्वाधिक काळजी घ्या. अबू धाबीत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवर असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो, ते विदेशी देणगी धरलं जात नाही. पण परदेशी चर्च, परदेशी मित्र किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेला ओळखीचा माणूस धार्मिक सेवेसाठी पैसे पाठवत असेल, तर तो विदेशी देणग्यांच्या कायद्याचा, म्हणजे एफसीआरएचा, विषय आहे आणि परवानगीशिवाय घेता येत नाही. मंडळीच्या खात्यात मागवू, हाही मार्ग नाही. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलासुद्धा असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येतात आणि २०२० पासून ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. सरळ मार्ग असा : परदेशी दात्याने आपल्या देशातल्या संस्थेच्या कार्यालयात तुमच्या दौऱ्याच्या नावाने पैसे भरावेत आणि संस्थेने खर्च थेट करावा. तसं करता येतं का, ते संस्थेला विचारा.

वेगळं बचत खातं उघडा, पैसे बँकेतूनच घ्या, प्रत्येक देणगीची वहीत नोंद करा, परत आल्यावर पाळकांना आणि देणाऱ्यांना हिशेब द्या. खारेगावच्या आजींनी दिलेल्या शंभर रुपयांचाही.

कधी काय

सहा महिने आधी : संस्थेला पत्र, पाच प्रश्न, पासपोर्टचा अर्ज. पाच महिने आधी : शिफारसपत्रं, कॉलेजची लेखी संमती, अर्ज. चार महिने आधी : निवड कळली की देणगीची सुरुवात. तीन महिने आधी : क्लिअरन्स, दिल्लीचं रेल्वे तिकीट, राहायची सोय. कळवा सोडण्याआधी : यलो फिव्हर, डॉक्टर, दात दाखवून घेणं. दौऱ्याच्या महिनाभर आधी : व्हिसा, विमानतिकीट, विमा. दौऱ्याच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, लसीचं कार्ड, विमा आणि निमंत्रणपत्र यांच्या प्रती घरी आईवडिलांकडे पाठवा, संस्थेच्या तिथल्या समन्वयकाचा फोनही.

उभी राहिलेली रक्कम निघण्याच्या दोन महिने आधी एकूण खर्चाच्या निम्मीही नसेल, तर कर्ज काढू नका. संस्थेला कळवा आणि पुढच्या सत्रात जा. दवाखान्याचा आराखडा चार महिन्यांनीही लागणार आहे. व्याजाचे हप्ते घेऊन तिथे बसलात तर तुमचं लक्ष कागदावर राहणार नाही.